हाताने बनवलेल्या गिटारचे सॅडल कधी घासावे आणि कसे घासावे

शिसवी (धागाकर्ता), २४ जुलै

पाऊस स्थिरावला की गिटारच्या तारा बोटांना जड लागू लागतात आणि सॅडल खालून घासून तारा खाली आणाव्यात का, हा प्रश्न निरनिराळ्या धाग्यांवर येत राहतो. उत्तरे तुटक राहू नयेत म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे. मी गिटार बनवतो आणि दुरुस्तही करतो. येथे मुख्यतः हाताने बनवलेल्या, पोलादी तारांच्या अकूस्टिक गिटारचा विचार केला आहे. कारखान्यातल्या गिटारमध्ये सॅडलची खाच, तिची खोली आणि तिचा तिरकेपणा ठरावीक असतो. हाताने बनवलेल्या वाद्यात मात्र या तिन्ही गोष्टी त्या एका वाद्यापुरत्या ठरलेल्या असतात आणि बाजारातून आणलेले तयार सॅडल त्यात सहसा नीट बसत नाही.

ब्रिजमधल्या (वरच्या फळीवर चिकटवलेल्या, तारा अडकवण्याच्या लाकडी तुकड्यातल्या) खाचेत उभी राहणारी हाडाची किंवा प्लास्टिकची अरुंद पट्टी म्हणजे सॅडल. तारेची वाजणारी लांबी या पट्टीच्या माथ्यावर संपते, आणि तारेचे कंपन माथ्यावरून तळाकडे, तळाकडून ब्रिजमध्ये व ब्रिजमधून वरच्या फळीत उतरते. बारा-त्रेपन्न (सर्वांत बारीक पहिली तार ०.०१२ इंच, सर्वांत जाड सहावी ०.०५३ इंच) या प्रचलित जाडीच्या संचात सहा तारांचा मिळून ताण सुमारे ७० ते ७५ किलो भरतो आणि त्या ताणाखाली ही पट्टी जराही न हलता उभी राहावी लागते. म्हणून सॅडलकडे केवळ तारा वर-खाली करण्याचे साधन म्हणून पाहणे मला मान्य नाही. त्याचा तळ खाचेला पूर्ण टेकलेला असणे ही पहिली गरज आहे. उंचीचा विचार त्यानंतरचा.

तारेची उंची बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) मोजतात, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत. सहाव्या तारेला २.२ ते २.६ मिमी आणि पहिल्या तारेला १.६ ते २ मिमी ही मापे बहुतेक वादकांना सोयीची पडतात. मोजताना गिटार सुरात लावलेली असलीच पाहिजे, कारण तारा सैल केल्या की मान सरळ होते, फळी खाली बसते आणि आकडा फसवा येतो. मोजमाप जास्त निघाले तरी लगेच सॅडल काढू नये. आधी मानेचा बाक पाहावा. सहावी तार पहिल्या फ्रेटवर आणि मान पेटीला मिळते त्या चौदाव्या फ्रेटवर दाबली असता सहाव्या-सातव्या फ्रेटपाशी तारेखाली ०.१ ते ०.२५ मिमी फट राहावी. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ मिमी जाडीचा असतो, तो वापरावा. बाक जास्त असेल तर तो ट्रस रॉडने (मानेतल्या, पिळून बाक बदलणाऱ्या सळईने) दुरुस्त करावा. मात्र बाक योग्य असताना केवळ तारा खाली आणण्यासाठी ट्रस रॉड पिळू नये. त्यानंतर नट, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाची तारा टेकण्याची पट्टी, पाहावा. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली असता पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली नुसती दिसेल एवढी फट हवी. तिथे फट मोठी असेल तर पहिल्या दोन-तीन फ्रेटांवरचे सूर दाबायला कठीण जातात, आणि वादक विनाकारण सॅडलला दोष देतो.

याच वेळी एक लांब, खात्रीची सरळ पट्टी फ्रेटांवर ठेवून ब्रिजपर्यंत न्यावी. तिची खालची कड ब्रिजच्या लाकडाच्या माथ्यावरून जेमतेम सरकली तर मानेचा कोन ठीक आहे. ती माथ्याच्या बरीच खाली ब्रिजवर आदळत असेल, तर दोष मानेच्या जोडात किंवा फुगलेल्या फळीत आहे आणि सॅडल कितीही घासले तरी तो जाणार नाही.

हे सर्व तपासून झाल्यावरच हिशेब करावा. बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर असल्याने तिथे जेवढी उंची कमी करायची त्याच्या दुप्पट हाड सॅडलमधून काढावे लागते. सहावी तार २.८ वरून २.४ मिमीवर आणायची असेल तर सॅडल ०.८ मिमी कमी होईल. हा आकडा काढल्यावर ब्रिजच्या वर किती सॅडल उरेल ते पाहावे. दीड-दोन मिमीपेक्षा कमी उरत असेल तर तार सॅडलवरून, ब्रिजमध्ये तारेचे टोक अडकवणाऱ्या पिनच्या भोकाकडे पुरेशा उताराने वळत नाही, तिचा सॅडलवरचा दाब घटतो आणि आवाज मवाळ व अस्पष्ट होतो.

हाड नेहमी तळातून काढावे, कारण माथ्यावर प्रत्येक तारेसाठी घडवलेला आकार असतो. काढायच्या भागाची रेघ टोकदार पेन्सिलने दोन्ही बाजूंना आखून घ्यावी. १२० नंबरचा पॉलिश पेपर जाड काचेवर किंवा ग्रॅनाइटच्या तुकड्यावर चिकटवावा, सॅडल काटकोनी लाकडी ठोकळ्याला टेकवून धरावे आणि एकाच दिशेने, हलक्या हाताने ओढावे. मागेपुढे घासल्यास दोन्ही टोके जास्त झिजतात व तळ गोलसर होतो, आणि मग सॅडल उंच-सखल जमिनीवर ठेवलेल्या पाटासारखे डुगडुगते. रेघेच्या थोडे अलीकडे थांबून २४० आणि ४०० नंबरच्या पेपरने शेवट करावा. तळाला सरळ पट्टी लावून उजेडाकडे धरले असता कोठेही प्रकाशाची फट दिसता कामा नये. हाडाची भुकटी श्वासात जाऊ नये म्हणून मास्क लावावा.

आपापली मोजमापे दिल्यास त्यांवर सविस्तर बोलता येईल.


खर्ज, २६ जुलै

इतके नेमके लिहिल्याबद्दल आभार. मी पुण्यात राहतो. माझी गिटार एका कारागिराने मागणीनुसार बनवून दिलेली आहे. वरची फळी स्प्रूसची, मागची व बाजूची फळी शिसवीची, ब्रिज आबनुसाचा, आणि नटपासून सॅडलपर्यंतची मूळ लांबी ६४५ मिमी आहे. फेब्रुवारीत ती हातात आली तेव्हा वाजवायला अतिशय सुखद होती. आज सहावी तार ३.३ मिमी आणि पहिली तार २.५ मिमी आहे. मानेचा बाक ०.२ मिमी आहे आणि नट तुम्ही सांगितलेल्या कसोटीला उतरतो. खोलीतला आर्द्रतामापक ८२ टक्के दाखवतो. सॅडल ब्रिजच्या वर ३.५ मिमी दिसते. सहावी तार २.४ वर आणायची तर हिशेबाने १.८ मिमी हाड काढावे लागेल आणि वर १.७ मिमी उरेल, म्हणजे तुम्ही दिलेल्या मर्यादेत बसते. घासण्यास सुरुवात करावी का?


शिसवी, २६ जुलै

कृपया करू नका. तुमचा गुणाकार बरोबर आहे, पण ज्या आकड्यावरून तो केला आहे तो आकडा पावसाळ्याचा आहे.

स्प्रूसची फळी जेमतेम अडीच-तीन मिमी जाड असते. लाकूड हवेतली ओल शोषते तेव्हा ते रेषांच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, पण रेषांना आडवे बऱ्यापैकी फुगते. फळीच्या कडा बाजूंना चिकटवलेल्या असल्याने आणि आतून पट्ट्यांनी बांधलेल्या असल्याने तिला आडवे पसरायला जागा नसते, म्हणून ती वर उचलली जाते. ब्रिज तिच्याबरोबर वर येतो आणि त्याबरोबर सॅडलही. मान मुळीच हललेली नसते. तुमचा बाक ०.२ मिमी आहे यावरून हेच दिसते. बहुतेक कारागीर गिटार बांधताना खोलीची आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास राखतात, आणि फेब्रुवारीतली पुण्याची हवा त्याच्या जवळपास किंवा त्याहून कोरडी असते. म्हणूनच गिटार तेव्हा सुखद वाटली.

आता १.८ मिमी हाड काढले तर ऑगस्टमध्ये वाजवणे सोपे होईल. पण मार्च-एप्रिलमध्ये, पुण्यातली दुपारची आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर उतरते तेव्हा, फळी उलट खाली बसेल आणि त्याच तारा फ्रेटांवर खणखणू लागतील. त्या वेळी काढलेले हाड परत जोडता येत नाही.

तरीही दोन गोष्टी आजच तपासा. ब्रिजच्या मागच्या कडेखाली आणि दोन्ही टोकांखाली पातळ कागदाची कड सरकवून पाहा; कागद आत जात असेल तर ब्रिज सुटू लागला आहे आणि बाकी सर्व काम थांबवून तो आधी चिकटवावा लागेल. दुसरे, एक सरळ पट्टी ब्रिजच्या मागे फळीवर आडवी ठेवून दोन्ही कडांपाशी किती फट राहते ते लिहून ठेवा. थोडा फुगवटा निरोगी असतो, कित्येक कारागीर फळी मुद्दाम किंचित कमानीत बांधतात. आजचा आकडा आणि ऑक्टोबरचा आकडा यांतला फरक आपल्याला हवा आहे.


भाट्ये, २७ जुलै

मी रत्नागिरीत राहतो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या खाली फारशी येत नाही, आणि उरलेल्या वर्षातही समुद्रामुळे हवा पुण्याइतकी कोरडी होत नाही. ऑक्टोबरपर्यंत थांबण्याचा सल्ला कोकणात कितपत लागू पडतो? शिवाय चार महिने गिटार वाजवायचीच नाही, हे मला पटत नाही.


शिसवी, २७ जुलै

वाजवणे थांबवावे असे मी कोणालाही सांगणार नाही. यासाठी उत्तम उपाय आहे, आणि आपल्या हवामानात तो जितका वापरला जायला हवा तितका वापरला जात नाही: दोन सॅडले ठेवावीत. मूळ सॅडल तसेच सांभाळावे आणि त्याच मापाचे दुसरे, थोडे बुटके सॅडल पावसाळ्यासाठी बनवून घ्यावे. तारा बदलताना सॅडल बदलणे हे पाच मिनिटांचे काम आहे, वाद्यातले काहीही कायमचे कमी होत नाही, आणि हवा बदलली की पुन्हा जुने बसवता येते.

कोकणासाठी मी याला एक जोड देईन. गिटार उघड्यावर भिंतीला टांगू नका, घट्ट मिटणाऱ्या टणक केसमध्ये ठेवा. केसमध्ये आर्द्रता शोषणाऱ्या आणि सोडणाऱ्या, अशा दोन्ही कामांच्या ठरावीक टक्क्यांच्या पुड्या मिळतात. त्या महाग वाटल्यास रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यापुरत्या चालतील, मात्र त्या दर काही दिवसांनी गरम करून वाळवाव्या लागतात आणि हवा कोरडी होताच केसमधून काढाव्या लागतात, नाहीतर त्या फळीला जरुरीपेक्षा जास्त सुकवतील. केसमध्ये छोटा आर्द्रतामापक ठेवला की अंदाजावर अवलंबून राहावे लागत नाही. वर्षभराची सरासरीच जास्त असलेल्या गावात गिटारचा कायमचा मुक्काम असेल, तर दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे मोजमाप घेऊन मग मूळ सॅडलला हात लावणे योग्य ठरेल.


हडसनकाठ, २८ जुलै

मी न्यू जर्सीत राहतो आणि दोन सॅडलांच्या उपायाला दुजोरा देऊ इच्छितो. आमच्याकडे ऋतू उलटे वागतात. उन्हाळा दमट असतो, तर थंडीत घर गरम ठेवणाऱ्या यंत्रणेमुळे आतली आर्द्रता पंचवीस टक्क्यांपर्यंत खाली येते आणि फळी खचते. येथील अनेक वादक हिवाळ्यासाठी उंच आणि उन्हाळ्यासाठी बुटके, अशी दोन सॅडले बाळगतात, आणि दुरुस्तीवाले ती जोडीने बनवून देतात.

एक इशारा मात्र द्यावासा वाटतो. येथून जवळच पेन्सिल्व्हेनियातील नॅझरेथ या गावी मार्टिन कंपनीचा कारखाना आणि संग्रहालय आहे. तेथील जुन्या गिटारांमध्ये सॅडलची खाच ब्रिजच्या दोन्ही टोकांना उघडी असते आणि सॅडल त्यात सरसाने पक्के केलेले असते. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत कंपनीची हीच पद्धत होती. नंतर बंद टोकांच्या खाचेत नुसते बसवलेले आखूड सॅडल आले. हाताने गिटार बनवणारे अनेक कारागीर जुन्या पद्धतीच्या प्रेमाने आजही उघडी, लांब खाच ठेवतात. आपल्या गिटारमध्ये तशी खाच असेल तर पक्कड लावून सॅडल ओढू नये. ते चिकटवलेले असण्याची शक्यता असते आणि त्याबरोबर ब्रिजच्या लाकडाची कपची निघू शकते.


शिसवी, २८ जुलै

अत्यंत महत्त्वाचा मुद्दा मांडलात. चिकटवलेल्या लांब सॅडलची उंची कमी करायची असेल तर ते बहुधा जागच्या जागी माथ्यावरूनच घासतात, आणि ते काम जाणकारानेच करावे.

बंद खाचेतले सॅडल काढताना तारा सैल कराव्यात, पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावावा म्हणजे खुंट्यांवरचे वेढे सुटत नाहीत, पिन काढून तारा बाजूला घ्याव्यात आणि सपाट जबड्याच्या पकडीला कापडी टेप गुंडाळून सॅडल सरळ वर ओढावे. पट्टी किंवा स्क्रूड्रायव्हर ब्रिजवर टेकवून सॅडल उचकटू नये. पिन निघत नसेल तर पेटीत हात घालून ती आतून ढकलावी.

सॅडल किती घट्ट असावे हेही येथेच सांगतो. गिटार उलटी केल्यावर ते आपोआप पडू नये, पण बसवताना हातोडीची गरजही पडू नये. बोटाच्या दाबाने आत जाणे आणि पकडीच्या हलक्या ओढीने बाहेर येणे, ही योग्य घट्टी. सॅडल सैल असेल तर तारांच्या ताणाने ते नटच्या दिशेने झुकते. तारेची लांबी कमी झाल्याने वरच्या फ्रेटांवरचे सूर चढे लागतात, आणि त्याहून वाईट म्हणजे सॅडलचा सर्व भार खाचेच्या पुढच्या भिंतीवर येऊन ब्रिज लाकडाच्या रेषेत चिरतो. शिसवी काय किंवा आबनूस काय, दोन्ही कठीण लाकडे आहेत, पण खाचेपुढे राहिलेली भिंत फार जाड नसते. सैलपणा घालवण्यासाठी कागदाच्या घड्या किंवा झटपट चिकटणारा गोंद वापरू नये. योग्य जाडीचे नवे हाड घ्यावे आणि त्याच्या बाजू घासून ते खाचेत उतरवावे. जाडी वर्नियरने तीन ठिकाणी मोजावी, कारण हाताने कोरलेली खाच मध्ये आणि टोकांना तंतोतंत सारखी असेलच असे नाही.

खाचेचा तळही तपासावा लागतो. सॅडलच्या तळाला खडू किंवा मऊ पेन्सिल फासून ते खाचेत दाबून काढले की कोठे टेकते आणि कोठे अधांतरी राहते ते रंगावरून कळते. उंचवटा सापडल्यास तो खाचेच्या रुंदीच्या धारदार पटाशीने, अगदी थोडा थोडा करून काढावा. नव्या वाद्यात मी हे काम सर्वांत आधी करतो. सॅडलचा तळ आरशासारखा सपाट करूनही आवाजात एखादी तार मागे पडत असेल, तर कारण बहुतेक वेळा खाचेच्या तळाशीच असते.


कृष्णाकाठ, ३० जुलै

आमच्या घरात तंबोऱ्याचे काम चालते आणि गिटार मी हौसेने वाजवतो. माझ्या गिटारच्या चौथ्या तारेचा मोकळा सूर किंचित झणझणतो, सतारीची छटा त्यात येते. फ्रेटवर दाबूनही ती छटा जात नाही, म्हणजे फ्रेटांचा दोष नाही. सॅडल मिरजेतच एका ओळखीच्या कारागिराकडून हाडाचे करून घेतले आहे. माझा अंदाज आहे की त्याने सवयीने माथ्याला तंबोऱ्याच्या घोडीसारखा (ब्रिजसारखा) उतार दिला असावा.

तंबोऱ्याच्या घोडीचा माथा रुंद असतो आणि त्याला फार सौम्य कमान असते. तार त्या कमानीला निसटता स्पर्श करत कंप पावते, आणि तारेखाली सरकवलेला सुताचा जिवा तो स्पर्श कोठे व्हावा हे ठरवतो. जवारी (तो झणझणीत, भरीव नाद) काढणारा कारागीर कानशीचा एक हात मारून पुन्हा तार छेडतो आणि ऐकतो. आमच्याकडे ज्याच्यासाठी इतकी खटपट करतात तोच परिणाम गिटारवर नको असतो, हे लक्षात आल्यावर मला सॅडलची रचना अधिक चांगली समजली. गिटारच्या माथ्याला नेमका कसा उतार असावा?


शिसवी, ३० जुलै

आपले निदान मला पूर्ण पटते. गिटारची तार सॅडलवरून एका निश्चित रेषेवर सुटली पाहिजे आणि त्या रेषेच्या पुढे, म्हणजे नटच्या बाजूला, हाड स्पष्टपणे खाली गेले पाहिजे. मागच्या बाजूचा उतार पिनकडे जाणाऱ्या तारेच्या कोनाशी जुळता आणि गोलसर असावा, म्हणजे तारेला धारदार कडेवर मोडावे लागत नाही. माथा सपाट ठेवला किंवा पुढे सौम्य उतार दिला, तर तार त्या उतारावर घासते आणि आपण वर्णन केलेली झणझण निर्माण होते. जाड, गुंडाळलेल्या तारांत ती जास्त ऐकू येते.

आपल्या हाताला कानशीची सवय आहे, त्यामुळे दुरुस्ती अवघड जाणार नाही. चौथ्या तारेखाली माथ्यावर पेन्सिलने काळे करा, तार सुरात लावून थोडा वेळ वाजवा आणि पुन्हा सैल करून तारेची खूण किती रुंद उमटली ते पाहा. खूण लांबट असेल तर तिचा पुढचा भाग बारीक कानशीने उतरवा, सुटण्याच्या रेषेला मात्र स्पर्श करू नका, नाहीतर तारेची उंची आणि लांबी दोन्ही बदलतील. शेवटी १००० आणि २००० नंबरच्या पेपरने माथा गुळगुळीत करावा. तारेसाठी सॅडलवर खोल खाचा पाडू नयेत. तार आपल्या दाबाने स्वतःपुरती जागा करून घेते.

सांबरशिंगाविषयी कोणी विचारण्यापूर्वी लिहून ठेवतो: जुन्या तंबोऱ्यांच्या घोड्यांत ते दिसते, पण त्याच्या व्यापाराला आज कायद्याने बंदी आहे. गिटारच्या सॅडलसाठी म्हशीचे स्वच्छ, घट्ट पेशींचे हाड सर्व दृष्टींनी पुरेसे आहे. सच्छिद्र, स्पंजासारखा भाग असलेला तुकडा घेऊ नये.


मांडवी, २ ऑगस्ट

मी मडगावला वाजवतो, बहुतेक वेळा स्पीकरला जोडून. सॅडलखाली पिकअप (तारांचे कंपन स्पीकरपर्यंत नेणारे विद्युत साधन) बसवून घेतल्यापासून पहिली आणि दुसरी तार दबकी ऐकू येते, बाकीच्या चारही उत्तम येतात. स्पीकरशिवाय वाजवले तर सहाही तारा समान आहेत. ज्यांनी पिकअप बसवला त्यांचे म्हणणे आहे की पिकअप बदलावा लागेल.


शिसवी, २ ऑगस्ट

बदलण्यापूर्वी सॅडल तपासा. सॅडलखालचा पिकअप आपल्यावर येणारा दाब मोजतो. पहिल्या-दुसऱ्या तारेखाली तळ अगदी थोडा उचललेला असेल तर कानाला काही कळत नाही, पण पिकअपला लगेच कळते. तळ पुन्हा काचेवर सपाट करा, खाचेत वायरच्या भोकापाशी लाकडाचा काही कचरा किंवा कड वर आली आहे का ते पाहा, आणि सॅडल खाचेत फार घट्ट झाले आहे का तेही पाहा. पिकअप असलेल्या गिटारमध्ये सॅडल किंचित मोकळे असावे लागते, कारण बाजूंना अडकलेले सॅडल तारांचा दाब खालपर्यंत पोचू देत नाही. पिकअप बसवताना त्याच्या जाडीएवढे हाड तळातून कमी करावे लागते. ते केले नसेल तर आपल्या ताराही उंच झाल्या असतील.

तळ दुरुस्त करताना हाड कमी पडले तर खाली कठीण लाकडाची एकसलग पातळ पट्टी घालता येते, पण पिकअप असेल तर मी ती शिफारस करणार नाही. अशा वेळी नवे सॅडल बनवणे सरळ पडते.


खर्ज, १९ ऑक्टोबर

जुलैमध्ये ठरल्याप्रमाणे मी मूळ सॅडलला हात लावला नाही. पावसाळ्यापुरते दुसरे सॅडल बनवून घेतले, आणि आज मूळ सॅडल बसवून, एक रात्र सुरात ठेवून मोजमाप केले. आर्द्रता ५४ टक्के, मानेचा बाक ०.२ मिमी, सहावी तार २.८ आणि पहिली तार २.१ मिमी. ब्रिजमागची फट स्पष्टपणे घटली आहे आणि कागद ब्रिजखाली कोठेही जात नाही. आता २.४ आणि १.८ वर आणण्यास हरकत नसावी असे वाटते.

एक नवी शंका आहे. दुसरी तार बाराव्या फ्रेटवर चढी लागते. ट्यूनरवर मोकळी तार बरोबर असताना बाराव्या फ्रेटवरचा सूर सहा-सात सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) वर जातो. बाकीच्या तारा जवळजवळ बरोबर आहेत.


शिसवी, १९ ऑक्टोबर

आता हिशेब विश्वासार्ह आहे. सहाव्या तारेच्या बाजूला ०.८ मिमी आणि पहिल्या तारेच्या बाजूला ०.६ मिमी हाड निघेल. एवढा फरक तळाशी किंचित तिरकी रेघ आखून साधता येतो. जुलैत आपण १.८ मिमी काढणार होता, तिथे आता निम्म्याहूनही कमी काढावे लागत आहे. वर सुमारे २.७ मिमी सॅडल उरेल आणि तारांचा उतार उत्तम राहील. रेघेच्या ०.१ मिमी अलीकडे थांबून तारा लावा, पुन्हा मोजा आणि मग उरलेले काढा.

सुराचे काम उंची झाल्यावर करावे, आधी नाही. तार फ्रेटवर दाबली की ती ताणली जाते आणि सूर थोडा चढतो. त्याची भरपाई म्हणून सॅडल मूळ लांबीपेक्षा थोडे मागे आणि जाड तारांकडे जास्त मागे, असे तिरके बसवलेले असते. तारा खाली आल्या की त्या कमी ताणल्या जातात, त्यामुळे आपल्या सहा-सात सेंटांपैकी काही सेंट आपोआप कमी होतील. दुसरी तार गुंडाळलेली नसते आणि साध्या तारांत सर्वांत जाड असते, म्हणून तिला तिसऱ्या तारेपेक्षा अधिक भरपाई लागते. पुष्कळ सॅडलांच्या माथ्यावर दुसऱ्या तारेपाशी मागे सरकलेली पायरी दिसते ती यासाठीच.

उंची जुळवूनही सूर चढा राहिला तर पहिल्या तारेचा एक छोटा तुकडा कापून घ्या आणि दुसऱ्या तारेखाली सॅडलच्या माथ्यावर आडवा ठेवा. तो तुकडा हळूहळू मागे, म्हणजे पिनच्या दिशेने सरकवत बाराव्या फ्रेटवरचा सूर आणि त्याच जागेचा हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून निघणारा सूर) यांची ट्यूनरवर तुलना करा. दोन्ही जुळतील तिथे माथ्यावर खूण करा. तार सुटण्याची रेषा त्या जागी हवी. मग तुकडा काढून खुणेच्या पुढचे हाड बारीक कानशीने उतरवा. आपले सॅडल ३ मिमी जाड असेल तर या कामासाठी सुमारे दोन मिमी जागा मिळते आणि दुसऱ्या तारेला एवढी पुरते. मापन नव्या तारांवरच करावे, कारण जुन्या, गंजलेल्या तारेचे वजन सर्वत्र सारखे राहत नाही आणि ती कोणत्याही सॅडलवर खरा सूर देत नाही.

पावसाळी सॅडलच्या माथ्यावरही हीच रेषा उतरवून घ्या आणि त्याच्या बाजूला पेन्सिलने ऋतू लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या जूनमध्ये अदलाबदल होणार नाही.


भाट्ये, २१ ऑक्टोबर

केसमध्ये सिलिका जेल आणि आर्द्रतामापक ठेवल्यावर संपूर्ण ऑगस्ट आतली आर्द्रता साठच्या आसपास राहिली. सहाव्या तारेची उंची बाहेर टांगलेली असताना ३.४ होती ती २.९ पर्यंत आली. बुटके सॅडल बनवावे लागले नाही. आता हवा सुकू लागली आहे, तर पुड्या नेमक्या केव्हा काढाव्यात?


शिसवी, २१ ऑक्टोबर

केसमधला आकडा सलग काही दिवस ५० च्या खाली दिसू लागला की काढा. रत्नागिरीत तो दिवस पुण्यापेक्षा उशिरा येईल, म्हणून दिनदर्शिकेऐवजी मापकाकडे पाहावे. पुड्या काढल्यावर आठवड्याने पुन्हा बाराव्या फ्रेटवर मोजून तो आकडा येथे नोंदवा. कोकणातल्या इतर सभासदांनाही तो उपयोगी पडेल.